‘मला चित्र काढता येत नाही, मग कलोपचार कसा घेऊ?’

प्रश्न थोडक्यात असा आहे : वय ५८. यजमानांना जाऊन दीड वर्ष झालं. झोप तुटते, जेवणावर वासना नाही, कुणी भेटायला आलं तरी बोलणं नको वाटतं. मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या सुरू आहेत, थोडा फरक आहे. आता त्यांनीच आर्ट थेरपी, म्हणजे कलोपचार, सुचवली आहे. शाळेत चित्रकलेत कशीबशी पास होत असे. मुलगी म्हणते, रंगवायची पुस्तकं मागवून देते, एकच आहे ते. यात खरोखर उपचार आहे की नुसतं मन रमवणं? गोळ्या बंद होतील का? घरच्या घरी करता येईल का? आणि आठ वर्षांचा नातू आजोबा गेल्यापासून सगळं काळ्या खडूने काढतो, त्याची काळजी करावी का?

आधी गोळ्यांचं सांगते, कारण तिथे चूक झाली तर बाकीचं सगळं वाया जातं. कलोपचार सुरू केला म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत. नैराश्यावरच्या गोळ्या अचानक थांबवल्या तर चक्कर, बेचैनी, झोप उडणं असे त्रास होतात आणि ओसरत आलेलं नैराश्य पुन्हा उसळू शकतं. डोस कधी आणि किती कमी करायचा ते तुमचे डॉक्टरच ठरवतील. तुमच्या बाबतीत त्यांनी स्वतःच हा मार्ग सुचवलाय, म्हणजे दोन्ही हातात हात घालून चालावं हीच त्यांची इच्छा आहे. ‘औषधं सोडा, रंग हातात घ्या’ असं सांगणारं कुणी भेटलं तर तिथून उठून या.

आता चित्र न येण्याचं. कलोपचारात ही अडचण नसते, उलट पुष्कळदा सोय असते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला ‘ए’ श्रेणी मिळवलेली माणसं माझ्याकडे येतात तेव्हा पहिल्या काही भेटी सफाईतच जातात. छाया-प्रकाश नीट पडलाय का, रेष सरळ आलीय का. सफाईदार हात आपलं दुःखसुद्धा सफाईदारच काढतो आणि त्यामागे आपण लपून राहतो. ज्यांना ‘येत नाही’ ते बहुतेक जण एकच चित्र काढतात, आपण सगळ्यांनी शाळेत काढलेलं : दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नागमोडी नदी, कडेला झोपडी, एक नारळाचं झाड आणि आकाशात चार पक्षी. त्यात वाईट काही नाही. शाळेने हातात दिलेलं ते चित्र आहे आणि घाबरलेला माणूस आधी ओळखीच्या वाटेनेच चालणार. मी ते पूर्ण होऊ देते. मग विचारते, यातली एकच गोष्ट बदलून हे चित्र आजचं करायचं झालं तर काय बदलाल?

एका गृहस्थांनी, ओळख लागू नये म्हणून तपशील बदलले आहेत, झोपडीचं दार निवडलं. तपकिरी तेलखडूने ते दार भरायला लागले. एकदा भरलं, पुन्हा भरलं, मेणाचा थर चढून कागद तिथे चकाकायला लागला तरी हात थांबेना. खडू मोडला तेव्हा थांबले आणि म्हणाले, “आतून कडी लावलीय.” मी एवढंच विचारलं की आत कोण आहे. बराच वेळ गप्प राहून त्यांनी सांगितलं की नोकरी जाऊन कित्येक महिने झाले, रोज डबा घेऊन बाहेर पडतो, घरी कुणाला माहीत नाही. त्याआधी दोन ठिकाणी समुपदेशन झालं होतं. तिथे त्यांनी झोप येत नाही, पोटात गोळा येतो, एवढंच सांगितलं होतं. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. समोरच्याच्या डोळ्यांत बघून ते वाक्य तोंडातून निघत नव्हतं. दाराबद्दल बोलायचं म्हटल्यावर निघालं.

कलोपचार कसा चालतो हे मला याहून नेमकं सांगता येणार नाही. आतली गोष्ट बाहेर, टेबलावर येते आणि तुम्ही तिच्या समोर बसता. मनात असते तेव्हा ती तुम्हाला व्यापून असते, तिला कडा नसतात. कागदाला चार कडा असतात. ते चित्र जवळ घेता येतं, भिंतीपाशी उभं करून लांबून बघता येतं, पालथं घालता येतं, त्यावर दुसरा रंग चढवता येतो, त्यातला तुकडा कापून नव्या कागदावर चिकटवता येतो. ज्या गोष्टीपुढे आपलं काहीच चालत नव्हतं तिच्या बाबतीत पहिल्यांदाच आपलं काहीतरी चालतं. यजमानांचं जाणं तुम्ही बदलू शकत नाही. त्या जाण्याशी तुमचा रोजचा जो व्यवहार चालतो, रिकामी खुर्ची, संध्याकाळची वेळ, त्यांच्या वाटणीचा चहा, तो मात्र हलू शकतो. आमचं सगळं काम तिथे चालतं.

आणि या कामात दोघंही कागदाकडे बघत असतात, एकमेकांकडे नाही. तुम्ही लिहिलंत की कुणी आलं तरी बोलणं नको वाटतं. भेटायला येणारे समोर बसतात, ‘कशा आहात’ म्हणतात आणि उत्तराची वाट बघतात. त्या बघण्याचाच ताण येतो. आपल्याकडच्या बायकांनी यावर फार जुना मार्ग काढला होता. पहाटे जात्यावर बसून दोघीजणी दळत असत, नजर जात्याकडे, हात खुंट्यावर आणि तोंडाने ओवी. माहेरची ओढ, सासरचा जाच, गेलेलं मूल, जे दिवसाउजेडी कुणापुढे काढता येत नसे ते तिथे गाऊन होत असे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या वाचताना माझ्यासारखीला पुन्हापुन्हा जाणवतं की हात कामात असले की मन मोकळं व्हायला धजावतं. जातं घराबाहेर गेलं आणि त्या बोलण्याची जागाही गेली.

उपचार म्हणून याची रीतसर सुरुवात मात्र युरोप-अमेरिकेत झाली. ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल १९३८ मध्ये क्षयरोगाने ससेक्समधल्या एका आरोग्यधामात पडून होते. पडल्यापडल्या समोरच्या वस्तूंची चित्रं काढता काढता त्यांना उभारी येत गेली. मग ते इतर रुग्णांना आणि युद्धातून परतलेल्या जखमी सैनिकांना चित्रं काढायला लावू लागले. ‘आर्ट थेरपी’ हे नाव त्यांनी १९४२ मध्ये वापरात आणलं. त्याच दशकात अमेरिकेत मार्गारेट नाउमबर्ग यांनी दुसरी वाट धरली. त्यांच्या मते चित्र हे बोलणं आहे. नेणिवेतलं जे शब्दांत येत नाही ते आकृतीत येतं आणि काढणाऱ्यानेच त्याचा अर्थ हळूहळू लावायचा. ईडिथ क्रेमर यांना हे पुरेसं वाटत नव्हतं. त्यांचं म्हणणं, बरं करण्याची ताकद घडवण्यातच आहे. रागाने माती आपटणाऱ्या मुलाच्या हातून त्याच मातीचा वाघ तयार होतो तेव्हा जे व्हायचं ते झालेलं असतं, दर वेळी त्यावर चर्चा करायलाच हवी असं नाही.

क्रेमर ज्यांच्याकडे शिकल्या त्या फ्रिडल डिकर-ब्रँडाइस यांच्याबद्दल थोडं जास्त सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. बाउहाउस या जर्मनीतल्या कलाशाळेत शिकलेली ही ज्यू चित्रकार. १९४२ च्या डिसेंबरात नाझींनी तिला तेरेझिनच्या छावणीत पाठवलं. सोबत नेण्याच्या तुटपुंज्या सामानात तिने कागद आणि रंग भरले आणि छावणीतल्या मुलांना चित्रकला शिकवायला सुरुवात केली. वापरलेल्या कागदांच्या मागच्या बाजूवर, मिळेल त्या कागदावर मुलं काढत. प्रत्येक चित्रावर मुलाने स्वतःचं नाव लिहावं असा तिचा आग्रह असे, जिथे माणसांचे आकडे झाले होते तिथे. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये तिला आउश्वित्झला नेऊन मारण्यात आलं. जाण्यापूर्वी तिने सुमारे ४,५०० चित्रं दोन बॅगांत भरून लपवून ठेवली होती. आज ती प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. त्या मुलांतली बहुतेक वाचली नाहीत. तिने मुलांना छावणीचीच चित्रं काढायला लावली नाहीत. फुलं, घरं, खिडकीतून दिसणारे डोंगर, रंगांच्या आणि तालाच्या कसरती असं तिचं शिकवणं होतं. मुलांच्या चित्रांत कधी छावणी यायची, कधी फुलपाखरं.

तुमच्या ‘नुसतं मन रमवणं’ या शब्दांकडे यासाठीच वळते. मन रमवण्याला तुम्ही कमी लेखू नका. आपल्याकडे सर्रास सांगतात की मनातलं सगळं कागदावर ओतून टाका म्हणजे हलकं वाटेल. जेनिफर ड्रेक आणि एलन विनर या मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासलं. माणसांना आधी दुःखी करणारा अनुभव दिला. मग काहींना ते दुःखच चित्रात काढायला सांगितलं आणि काहींना त्याच्याशी संबंध नसलेलं काहीतरी. ज्यांनी वेगळंच काहीतरी काढलं त्यांची मनःस्थिती जास्त सुधारली. त्यांच्या निरनिराळ्या प्रयोगांत, मुलांमध्ये आणि मोठ्यांमध्ये, असंच दिसत आलं. म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्यांना सांगते : घरी एकट्या असताना दुखरं काढू नका, मन दुसरीकडे नेणारं काढा. दुखऱ्याला हात घालायचा तो सेशनमध्ये, जिथे ते उघडल्यावर परत झाकायला मदत करणारं माणूस समोर असतं.

पुराव्याबद्दल आणखी स्पष्ट बोलायला हवं, कारण या क्षेत्रात चमत्काराची भाषा फार चालते. गिरिजा कैमल यांच्या चमूने अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात २०१६ मध्ये ३९ प्रौढांना ४५ मिनिटं माती, मार्कर किंवा कोलाज यांपैकी हवं ते करू दिलं. सुमारे तीन चतुर्थांश लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कमी झालं. चित्रकलेचा अनुभव असण्या-नसण्याने त्यात फरक पडला नाही, हे तुमच्यासाठी महत्त्वाचं. पण हा एका बैठकीचा, लहानशा गटावरचा परिणाम आहे आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. उलट बाजूला, स्किझोफ्रेनियाच्या ४१७ रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेली मोठी चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीच्या उपचारांना गटातल्या कलोपचाराची जोड दिल्याने त्यांच्या आजारात किंवा रोजच्या व्यवहारात फरक पडला नाही. पुष्कळ रुग्ण सेशनला फिरकलेच नव्हते, हे खरं आहे. तरीही निष्कर्ष तोच राहतो आणि तो मान्य करूनच आम्ही काम करायला हवं. नैराश्य, शोक, भीती, मोठ्या आजारपणानंतरची हताशा यांत अनेक लहान अभ्यास आशा दाखवणारे आहेत. मी स्वतः त्यावर विसंबून काम करते, पण त्याला रामबाण म्हणत नाही.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट डॉक्टरांना जरूर विचारा. दीड वर्षानंतरही झोप-भूक हरवलेली असणं हे नैराश्य आहे, लांबलेला शोक आहे, की दोन्ही? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात लांबलेल्या शोकाची आता स्वतंत्र नोंद आहे. जवळचं माणूस गेल्यावर सहा महिन्यांहून अधिक काळ तीव्र ओढ किंवा त्याच माणसाचा सततचा ध्यास राहिला आणि रोजचं जगणं कोलमडलं तर या निदानाचा विचार करतात. दोन्हींत उपचारांची दिशा थोडी वेगळी असते. शोकात आम्ही गेलेल्या माणसाशी असलेलं नातं तोडायला सांगत नाही, त्याला नवी जागा शोधतो.

आता प्रत्यक्षात काय होतं ते. पहिल्या भेटीत बहुधा बोलणंच जास्त असतं. झोप, जेवण, आजार, औषधं, घरी कोण असतं, आणि ‘जगू नये असं वाटतं का’ हेही. हा प्रश्न सरळ विचारला जाईल आणि उत्तरही सरळ द्या. तो विचारल्याने तसे विचार येत नाहीत, आलेले असतील तर मदत मिळते. मग चित्रं कुठे ठेवली जातील, कुणाला दाखवली जातील, ते ठरतं. चित्र तुमचं असतं. तुमच्या परवानगीवाचून त्याचा फोटो निघता कामा नये. पुढच्या भेटी साधारण आठवड्यातून एकदा, पाऊण ते एक तास. सुरुवातीला हात मोकळा करायला डोळे मिटून रेघोट्या, मग अर्धा तास काम, मग चित्र लांब ठेवून दोघांनी बघणं. “याला नाव काय द्याल?” “यात तुमची नजर कुठे जाते?” “इथे कुठे उभं राहावंसं वाटतं?” असे प्रश्न. शेवटची दहा मिनिटं आवराआवरीची. ब्रश धुणं, खडू डबीत लावणं, हात पुसणं. ही दहा मिनिटं मी कधीही खाऊ देत नाही. रडून झाल्यावर लगेच रिक्षात बसणं बरं नव्हे, आधी जमिनीवर पाय टेकायला हवेत.

कोणतं साधन कुणाला द्यायचं यात आमची निम्मी कारागिरी असते. पेन्सिल आणि स्केचपेन आज्ञेत राहतात, जेवढं दाबाल तेवढंच उमटतं. मनात खळबळ असलेल्याला त्यांचा आधार वाटतो, पण आधीच स्वतःला करकचून बांधून घेतलेला माणूस त्यांनी आणखी आवळला जातो. तेलखडू मधले आहेत, जोर लावता येतो, रंग बोटाने पसरवता येतो, तरी काबूत राहतात. जलरंग पाण्याबरोबर धावतात आणि त्यांच्यामागे भावनाही धावतात. ज्याला रडूच येत नाही त्याला ओल्या कागदावर रंग सोडायला दिला की कधीकधी बांध फुटतो. ज्याचं रडू थांबत नाही त्याला तो देऊ नये. माती सगळ्यांत खोलवर जाते, कारण तिला दोन्ही हात लागतात, ती थंड, जड असते, प्रतिकार करते. आपल्याकडे शाडू सहज मिळते आणि गणपतीमुळे हाताला ओळखीचीही असते, फक्त ती लवकर सुकते आणि तडकते, तेव्हा ओलं फडकं जवळ हवं. मातीची मूर्ती तडकली म्हणून शोकातला माणूस कोसळू शकतो, हे थेरपिस्टने आधीच सांगायला हवं.

तुमची सुरुवात मी तेलखडू आणि कोलाजने केली असती. कोलाजला चित्र यावं लागत नाही. जुन्या मासिकांतली, लग्नपत्रिकांवरची, कॅलेंडरवरची चित्रं कापायची आणि कार्डशीटवर मांडायची. चिकटवण्याआधी दहादा जागा बदलता येते. हलवता येणं, पुन्हा मांडता येणं, हेच तर हवं आहे. पुढे कधीतरी, घाईने नाही, यजमानांच्या कपड्यांकडे वळता येईल. आपल्याकडे जुन्या धोतर-लुगड्यांची गोधडी पिढ्यान्‌पिढ्या शिवली जाते. शोकात असलेल्या माणसांबरोबर मी सदऱ्यांच्या तुकड्यांची लहान गोधडी शिवून घेते. कोणता सदरा कापायचा आणि कोणता अख्खा ठेवायचा, हे ठरवण्यातच काही आठवडे जातात आणि खरं बोलणं तेव्हाच होतं. एका बाईंनी खिसा उसवला नाही, तसाच गोधडीत शिवला, उघडा. त्यात नवऱ्याची औषधाची एक जुनी चिठ्ठी होती, तीही राहू दिली. हे काम सुरू करण्याआधी मुलीशी बोला. ज्या सदऱ्याला तुम्ही कात्री लावाल तो कदाचित तिने मनात स्वतःसाठी ठेवलेला असेल.

मुलीने सुचवलेली रंगवायची पुस्तकं वाईट नाहीत. २००५ मध्ये करी आणि कॅसर यांनी केलेल्या एका लहान प्रयोगात मंडलासारख्या, म्हणजे वर्तुळात आखलेल्या नक्षीच्या, रचना भरल्याने कोऱ्या कागदावर मनाला येईल ते रंगवण्यापेक्षा चिंता अधिक कमी झाली. ठरलेल्या चौकटीत रंग भरताना मन एका जागी राहतं. झोपण्यापूर्वी मोबाइल बघण्याऐवजी अर्धा तास रंग भरलात तर मी त्याला पाठिंबाच देईन. पण त्या पुस्तकात रेषा दुसऱ्याच्या आहेत. तिथे तुमची खुर्ची आणि तुमची संध्याकाळ येणार नाही. पुस्तक विसावा देईल आणि विसावा हवाच आहे. डॉक्टरांनी सुचवलेलं काम त्याच्या पुढचं आहे.

घरी करायचं तर वेळ ठरवून करा, संध्याकाळ जड जात असेल तर शक्यतो त्याच्या थोडं आधी. ए-फोर आकाराचा कागद पुरे, फार मोठा कोरा कागद अंगावर येतो. वीस-पंचवीस मिनिटं. समोरची एखादी साधी वस्तू काढा, तुळशीचं पान, कढीलिंबाची डहाळी, पितळी वाटी. ती हुबेहूब यावी म्हणून नव्हे, तेवढा वेळ नजर तिच्यावर राहावी म्हणून. चित्र कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. लोक प्रेमानेच ‘मस्त’, ‘छान’ लिहितील आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही मस्त यावं म्हणून काढाल. चित्र काढल्यावर छातीत धडधड, रात्रभर जाग, किंवा तेच तेच मृत्यूचं दृश्य मनात फिरत राहिलं तर घरचं काम थांबवा आणि पुढच्या भेटीत ते आधी सांगा. जीव नकोसा झाला असं वाटलं तर भेटीची वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

कुणाकडे जायचं हे जपून ठरवा. ब्रिटनमध्ये ‘आर्ट थेरपिस्ट’ हे बिरुद नोंदणीशिवाय लावणं कायद्याने गुन्हा आहे. आपल्याकडे ही शिस्त अजून बसलेली नाही, त्यामुळे रंगकामाचा छंदवर्गही थेरपी म्हणून विकला जातो. छंदवर्गाला जरूर जा, त्याला छंदवर्ग समजून. उपचारासाठी मात्र विचारा : तुमचं मानसशास्त्राचं शिक्षण काय, कलोपचाराचं प्रशिक्षण किती काळाचं आणि त्यात देखरेखीखालचं काम किती होतं, आजही कुणा वरिष्ठाशी केसेसची चर्चा करता का, माझ्या डॉक्टरांशी बोलाल का? चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारता येते. चांगल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही. आणि कुणी तुमचं चित्र बघून ‘निळा जास्त आहे म्हणजे तुम्ही एकाकी आहात’ असं सांगू लागलं तर समजा की तो उपचार नाही. तीच रेघ एकासाठी वाट असते, दुसऱ्यासाठी भिंत. ते काढणाऱ्याला विचारल्याशिवाय कळत नाही आणि विचारण्याचा धीर नसलेल्यांनी या कामात पडू नये, असं माझं ठाम मत आहे.

नातवाच्या काळ्या खडूचंही तसंच. काळ्या रंगावरून निदान होत नाही. पांढऱ्या कागदावर काळा सगळ्यांत ठसठशीत उठतो, म्हणून अनेक मुलांना तो आवडतो. काही मुलं महिनोन्‌महिने एकच रंग धरून बसतात. चित्रापेक्षा मुलाकडे बघा. खेळायला जातो का, झोपतो का, जेवतो का, शाळेत जायला रडतो का, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालंय का, ‘मला आजोबांकडे जायचंय’ असं म्हणतो का? यांतलं काही आठवडेच्या आठवडे चालू असेल किंवा शेवटचं वाक्य एकदाही ऐकलं असेल, तर मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. नसेल तर त्याला काळा खडू वापरू द्या. ‘बाळा, जरा छान रंग घे ना’ म्हणू नका. त्यातून त्याला एवढंच कळतं की घरच्यांना त्याचं दुःख बघवत नाही.

तो काढत असेल तेव्हा शेजारी बसा. “हे काय आहे?” यापेक्षा “मला या चित्राबद्दल सांग ना” हे बरं. “हे आजोबा का?” असं मात्र सुचवू नका, त्याने सांगितलं तर ऐका. रेघोट्यांचा एक खेळ आहे, ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट मुलांशी असा खेळत. एकाने डोळे मिटून कागदावर वेडीवाकडी रेघ ओढायची, दुसऱ्याने त्यात भर घालून काहीतरी करायचं, मासा, ढग, म्हातारा, काहीही. मग पाळी बदलायची. यात कुणालाच चित्र यावं लागत नाही आणि आठ वर्षांची मुलं मोठ्यांना सहज हरवतात. आजी-नातवाने रात्री जेवणानंतर हा खेळ खेळायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. बोलताना आजोबा ‘गेले’ म्हणजे वारले, ते परत येणार नाहीत, हे त्याला साध्या शब्दांत सांगितलंय ना, एवढं घरात विचारून घ्या. ‘देवाघरी झोपलेत’ ऐकलेली मुलं झोपायलाच घाबरतात, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे. बोलताना तुमच्या डोळ्यांत पाणी आलं तर लपवू नका. आजीलाही वाईट वाटतं आणि तरी आजी जेवते, खेळते, हे त्याला दिसू द्या.

पहिल्या भेटीला जाताना सध्याच्या गोळ्यांची चिठ्ठी, मधुमेह-रक्तदाब असेल तर त्याचे अलीकडचे रिपोर्ट आणि चष्मा न्या. रंग लागला तरी चालेल असे कपडे घाला. जुनी चित्रं किंवा फोटो न्यायची गरज नाही. सोबत मुलगी आली तरी ती बाहेर बसेल, हे तिला आधीच सांगून ठेवा. तीन-चार भेटींनंतर थेरपिस्टबरोबर बसून सरळ विचारा की काही हलतंय का : झोप, भूक, माणसांत बसणं. काहीच हलत नसेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. मग साधन बदलता येतं, माणूस बदलता येतो, किंवा बोलण्याच्या दुसऱ्या उपचाराकडे वळता येतं.